गायरानातल्या गवताचा गॅस

गॅसवर कर बसवता येतो हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून कळायच्या आधी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसभेत कळलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात, आणि मला पुन्हा त्यांच्या घरी जायचं असतं.

कामाबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही. वडील सिंदी (रेल्वे)च्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी उचलायचे. आई अजून अंगठा देते. मी नोकरी करता करता बाहेरून बी.ए. करते आहे. तेव्हा पुढे जे येईल ते लेखन आहे की तक्रार, हे मला नीट सांगता येणार नाही. बहुधा तक्रारच.

मी एका संस्थेत गोबर गॅसच्या कामावर आहे. संस्थेचे मिस्त्री खड्डा खणतात, आत विहिरीसारखं गोल बांधकाम करतात आणि त्यावर लोखंडी टाकी उपडी घालतात. ते गेले की माझं काम सुरू होतं. पुरुष कर्मचारी शेगडी कशी पेटवायची ते सांगायचे तेव्हा घरातल्या बाया दाराआडून ऐकायच्या, माना डोलवायच्या आणि नंतर शेगडीला हातच लावायच्या नाहीत. म्हणून संस्थेनं एक मुलगी घेतली. गावोगावी मला ‘गॅसवाली बाई’ म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी विशीची होते आणि मला फार लाज वाटली होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेण आणि पाणी सारखं घेऊन कालवायचं आणि तो काला एका बाजूनं खड्ड्यात सोडायचा. आत तो कुजतो. त्याचा गॅस होतो आणि त्या गॅसनं उपडी टाकी हळूहळू वर उचलली जाते. सकाळी टाकी चांगली कमरेएवढी वर आलेली असते. स्वयंपाक झाला की खाली बसते. नुसती टाकी पाहून त्या घरात जेवणं झाली की नाही ते मला रस्त्यावरून सांगता येतं. दुसऱ्या बाजूनं मळी बाहेर पडते, ती वावरात खत म्हणून जाते. म्हणजे शेण जाळावं लागत नाही, खत बुडत नाही आणि भाकरी होते. यात कुठे खोट आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही.

बायांना शिकवायचं ते थोडंच असतं. ज्योत निळी पाहिजे, पिवळी झाली तर हवेचं भोक पाहायचं. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर गळती. नळीत पाणी साचतं, ते मधूनमधून काढायचं. एवढं एका दुपारी शिकवून होतं. त्याआधी भीती घालवावी लागते, तिला मात्र आठवडे लागतात. बोरगाव मेघेत एका सासूबाईंनी पहिल्या दिवशी गॅसवर चहा करू दिला. पहिला कप मला दिला, मग सुनेला, मग शेजारणीला. आम्ही तिघी बऱ्या आहोत असं पाहून घेतल्यावर स्वतः घोटभर घेतला आणि म्हणाल्या, “शेनाचा वास त नाई येत. पन मनाले येते.” त्यांच्याकडे देवाचा नैवेद्य पुढे बरेच दिवस चुलीवरच होत होता. मी हट्ट केला नाही.

आता त्या गावाचं.

तिथे बापूराव नावाचे शेतकरी आहेत. त्यांच्याकडे जनावरं बरीच, म्हणून त्यांनी टाकी मोठी घेतली. तीही त्यांच्या एकट्याच्या घरासाठी नाही. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ नामदेव वेगळा निघून राहत होता, त्याच्या पलीकडे आणखी दोन घरं. बापूरावांनीच कल्पना काढली. चारही घरांनी सकाळी आपापलं शेण आणून टाकायचं, चारही घरांना नळीनं गॅस जायचा, आणि पेरणीआधी मळी वाटून घ्यायची. पैशाचा व्यवहार नाही. मोठा कॉक बापूरावांच्या गुरांच्या कोठ्याजवळ होता आणि तो त्यांच्या बायकोच्या, यशोदाबाईंच्या ताब्यात. त्या कॉक फिरवायच्या आणि भिंतीवरून हाक द्यायच्या, “कमल, सोडला वं.”

कमल म्हणजे नामदेवची बायको, यशोदाबाईंची धाकटी जाऊ. तिला दमा. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाइतकंच धुरापासून लांब राहणं महत्त्वाचं आहे. तिच्याकडे जळायला काय, तर पऱ्हाटी. कापूस निघाला की झाडाची जी काडी उरते ती. भुरकन पेटते, भुरकन विझते, पुन्हा फुंकावं लागतं. गॅस सुरू होऊन काही महिने झाल्यावर मी शेगडी पाहायला गेले, तर कमलवहिनी भाकरी थापता थापता मला त्यांच्या माहेरची एक लांबलचक गोष्ट सांगत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, “ताई, पाह्य ना, मी भाकर टाकता टाकता बोलून राह्यली. आधी दमच नाई पुरे.”

बाहेर बसलेला नामदेव म्हणाला, “तेच त बिघडलं. आधी मले शांतीनं जेवाले भेटे.”

“जेवत होते ना शांतीनं,” वहिनी आतून म्हणाल्या, “अन् मी खोकत होती ते काय गानं वाटे तुमाले?”

मी हसले होते. माझ्या कामात मला एवढा आनंद पुन्हा झालेला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ग्रामसभेत सरपंचांनी गॅसवर कर मांडला. सरपंच वाईट माणूस नव्हते, हे लिहायला मला त्रास होतो, पण ते खरं आहे. किराण्याचं दुकान, थोडी शेती, बोलायला गोड. पंचायतीकडे दिवाबत्तीला पैसा नव्हता, तोही खराच. ते उभे राहिले आणि म्हणाले,

“जनावरं कोनाची? तुमची. मले मान्य हाय. पन चरतात कुठी? गायरानात. गायरान पंचायतीचं, म्हंजे साऱ्या गावाचं. त गवत गावाचं, गवताचं शेन, शेनाचा गॅस. रेती उपसली त सरकार रायल्टी घेते का नाई? मुरूम खनला त घेते का नाई? हे बी खानच होय. फक्त वरून भरा लागते.”

लोक हसले. मलाही त्यातली गंमत कळली, आणि मुद्दाही. पुढे मी पुस्तकात वाचलं की जमिनीतून तेल, वायू काढणाऱ्यांवर असाच कर असतो, आणि त्यामागे हाच विचार आहे. जे सगळ्यांचं, त्याचा वाटा सगळ्यांना. विचार चुकीचा नाही. पण त्या खाणीत रोज सकाळी टोपलं घेऊन जाणाऱ्या बाया आहेत, हे त्या विचारात कुठेच नव्हतं.

नियम असा झाला. स्वतःच्या घरापुरता गॅस वापरला तर माफ. दुसऱ्या घराला दिला तर ते उत्पादन, आणि उत्पादनावर कर. गॅस मोजायला गावात यंत्र नव्हतं, म्हणून कर टाकीच्या आकारावर. ग्रामसेवक टेप घेऊन बापूरावांकडे आला. टाकीभोवती टेप फिरवू लागला तशा यशोदाबाई कोठ्यातून म्हणाल्या, “झंपर शिवता का जी तिले?”

ग्रामसेवक लाजला, पण माप घेऊनच गेला.

मी सभेत उभी राहिले होते. ते आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं की थंडीत शेण लवकर कुजत नाही, गॅस निम्म्यावर येतो, टाकी मात्र तेवढीच राहते. मग नसलेल्या गॅसवर कर कसा घ्यायचा? सरपंच शांतपणे म्हणाले, “बाई, वावर नाई पिकलं तरी सारा भरतोच ना आमी?”

मी खाली बसले. परतताना एस.टी.त उत्तर सुचलं. वावर उचलून ठेवता येत नाही, म्हणून माणूस शेतसारा भरतो आणि वावर कसत राहतो. नळी मात्र कापता येते. हे मला चार तास आधी सुचायला हवं होतं. मी सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं असतं असं नाही, पण निदान कोणीतरी ते बोललं असतं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा बापूरावांच्या ओसरीवर चारही घरचे पुरुष बसले होते. बाया दारात. कर कोणी भरायचा यावर बोलणं सुरू झालं. शेजारचे म्हणाले, “शेन आमचं, अन् वरून कर बी आमचाच काऊन?” बापूराव म्हणाले, “मंग मी एकट्यानं काऊन भरू? मी काय गॅस इकून राह्यलो?” दोघांचंही बरोबर होतं. कर फार मोठा नव्हता. पण आजवर या चार घरांत हिशेबच नव्हता, आणि एकदा तो सुरू झाल्यावर कोणाचं शेण किती, कोणाच्या घरी पाहुणे किती, कोणाची शेगडी किती वेळ पेटते, सगळं निघालं. इतके दिवस कोणी हे मनातही आणलं नसेल असं मला वाटत होतं. आणलं होतं, असं दिसलं.

निदान दोघा भावांचं तरी निभावेल अशी मला आशा होती. मी ग्रामसेवकाला आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, “चूल एक असली त घर एक. तसं लिहून द्या, दोघायले बी माफ.”

बाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले म्हणजे काय झालं, तर चूल वेगळी झाली. भिंत नंतर येते. वावराची वाटणी तर कितीतरी नंतर, कधी कागदावर, कधी नुसती तोंडी. नामदेवची वाटणी तोंडी होती. त्याच्याकडे वेगळं घर असल्याचा पुरावा म्हणून एकच गोष्ट होती, वेगळं रेशनकार्ड. आणि ते कार्ड मिळालं होतं चूल वेगळी आहे या दाखल्यावर. तो दाखला याच ग्रामसेवकानं दिला होता.

“चूल एक लिहून देऊ?” मी ते ओसरीवर सांगितलं तसा नामदेव म्हणाला. “मंग कार्ड जाते. साखर जाते, घासलेट जाते. अन् उद्या कोनी म्हनलं का वाटनी झालीच नाई, त मी काय दाखवू?”

म्हणजे साखरेसाठी घर दोन पाहिजे आणि गॅससाठी एक. नियम करणाऱ्या माणसांनी दोन्ही नियम चांगल्या हेतूनं केले असतील. त्या दोन नियमांच्या फटीत एका बाईचा श्वास अडकला, आणि दोन्हीकडचे कागद मात्र बरोबर होते. मला याचा राग येतो. वर्षं झाली तरी कमी होत नाही.

यशोदाबाईंनी सरळ मार्ग काढला. “कमले, तू माह्याकडं येऊन भाकरी टाकत जाजो. माह्याच घरात गॅस जळन, मंग कोन काय म्हनते?”

नामदेव उठून उभा राहिला. “वेगळं निंघून दोन वर्स नाई झाले, अन् आता भावाच्या चुलीवर? घरातून धूर नाई निंघाला त लोक इचारतीन, कोन मेलं म्हनून.”

“गॅस होता तेव्हा कुठं धूर निघत होता?” मी म्हटलं.

“तेव्हा जाळ माह्या घरात होता,” तो म्हणाला.

मी कमलवहिनींकडे पाहिलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. जो माणूस सगळ्यात जास्त गमावणार होता त्याला त्या ओसरीवर कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी बापूरावांनी लोखंड कापायची करवत आणून तिन्ही नळ्या कापल्या आणि तोंडं बुचांनी बंद केली. आता ते उत्पादक राहिले नाहीत. कर माफ.

पुढे जे झालं ते पाहायला सरपंचांना मी स्वतः घेऊन जायला हवं होतं. खड्डा चार घरांच्या शेणानं भरलेला. शेण टाकणं थांबलं तरी आतलं महिना-दीड महिना गॅस देत राहतं. एका घराला तो संपेना. टाकी पुरती वर आली, आणि मग कडेनं बुडबुडे काढत गॅस हवेत जाऊ लागला. मी गेले तेव्हा तो आवाज येत होता, भात शिजताना येतो तसा. भिंतीच्या पलीकडे कमलवहिनी पऱ्हाटी फुंकत होत्या. दोन्ही आवाज एकाच जागी उभं राहून ऐकू येत होते.

“ताई,” त्या थांबत थांबत म्हणाल्या, “एक सांग. तो हवेत चालला, त्याले कर नाई. माह्या घरात येत होता, त्याले कर. हे कोनं शोधून काढलं?”

मी तेच वाक्य जसंच्या तसं सरपंचांच्या दुकानात जाऊन सांगितलं. ते गूळ तोलत होते. म्हणाले, “मी नळी कापाले सांगतली का?” आणि हेही खरंच होतं. कोणीच कोणाला नळी कापायला सांगितली नव्हती.

महिन्याभरानं उलटं झालं. एका घराचं शेण एवढ्या मोठ्या खड्ड्याला पुरेना. थंडी पडली. टाकी बसली ती उठलीच नाही. यशोदाबाईही चुलीवर आल्या. पंचायतीला गॅसच्या करातून काहीच मिळालं नाही, कारण कर द्यायला कोणी उरलंच नव्हतं. आसपासच्या गावांतल्या ज्यांनी मोठ्या टाक्या मागितल्या होत्या त्यांनी मागणी बदलली. एक जण आमच्या मिस्त्रीला म्हणाला, “सर्वात लहान द्या भाऊ. रस्त्यावरून दिसली नाई पायजे.” मिस्त्री म्हणाला, “तेवढीत चहा होईन फक्त, दूध वेगळं तापवा लागन.” त्या माणसानं लहानच घेतली. पुढे ती पडून राहिली, कारण चहाच्या गॅससाठी रोज शेण कालवायला कोणालाच परवडत नाही.

मी संस्थेत सांगितलं. वरचे साहेब म्हणाले, “संयंत्र बांधून पूर्ण झालंय ना? मग आपल्याकडून ते झालेलं आहे.” आमच्याकडे बांधलेली संयंत्रं मोजतात, पेटणाऱ्या शेगड्या नाही. त्या दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. सोडली नाही. फी भरायची होती.

परीक्षेच्या आधी सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी वर्ग असतात. तिथे कराचा भार हे प्रकरण आलं. कर ज्याच्यावर बसवला तोच तो सोसतो असं नाही, भार पुढे सरकतो, असं त्यात आहे. मी फार घाबरत हात वर केला आणि विचारलं, “सर, जो कर कोणीच भरला नाही, त्याचा भार कोणावर पडतो?” सर चांगले आहेत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की असा प्रश्न परीक्षेला येत नाही.

नसेल येत. पण भार होता. कर बापूरावांच्या टाकीवर बसवला होता. तिथून तो चार घरांच्या भिंतींवरून घसरत गेला आणि ज्या बाईच्या छातीत सगळ्यात कमी दम होता तिच्यावर जाऊन थांबला. पंचायतीच्या दप्तरात तिथे शून्य आहे. म्हणजे जो कोणी ते वाचेल, त्याला काहीच झालं नाही असं वाटेल.

पुढच्या वर्षी पंचायतीनं तो कर रद्द केला. उत्पन्न नाही म्हणून. मला कळलं तशी मी पहिल्या एस.टी.नं गेले. सरळ चारही घरी फिरले. शेजारचे दोघे म्हणाले, “आज रद्द केला, उद्या लावतीन. अन् मंग गेल्या वर्सीचा बी मांगतीन.” एकानं बैलजोडी सोडून बाकी जनावरं विकली होती. बापूरावांची टाकी बाजूला काढून सरळ ठेवलेली, तिच्यात जनावरांना प्यायला पाणी भरलेलं. नामदेवनं आपल्याकडची नळी उकरून कोठ्याच्या छपराला लावली होती. “चांगली होती,” तो म्हणाला, “मातीत काऊन सडू देऊ?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ते पाहून मला जास्त वाईट वाटलं.

आत गेले. कमलवहिनी चुलीपाशी होत्या. वाळल्या होत्या. मी सांगितलं, “वहिनी, कर रद्द झाला.”

“मंग गॅस येईन?”

“नाही.”

“मंग रद्द काय झालं?”

त्यांनी चुलीत पऱ्हाटी सारली, फुंकणी तोंडाशी नेली, आणि खोकला आला तशी खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. तव्यावर भाकरी अर्धी कच्ची. मी पर्स बाजूला ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि फुंकणी घेतली. गावोगावी गॅस शिकवत फिरते, आणि चूल पेटवायची मला सवय राहिलेली नाही. जोरात फुंकलं. डोळ्यांत पाणी आलं, जाळ काही येईना.

कमलवहिनी दम घेत माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “हळू फुक वं. भाकरीवर राख उडून राह्यली.”